त्यांच्या निघण्याचा उन्हाळा

फेब्रुवारी सरत आला की चाकणच्या बाजारात नवा कांदा उतरायला लागतो आणि आमची कंपनीची बस मोशीच्या पुढे हलेनाशी होते. कांद्याच्या ट्रॉल्या, नव्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक कंटेनर, सहा आसनी रिक्षा, सगळे एकमेकांच्या वाटेत आडवे. काच लावली तर घुसमटतं आणि उघडली तर धूळ, डिझेलचा धूर आणि कांद्याचा उग्र वास एकदम आत येतो. रस्त्याकडेच्या करंजांना मात्र याच दिवसांत कोवळी, तुकतुकीत पालवी फुटते. बसमधल्या बायका ती बघून खूश होतात, कैऱ्या आल्या का म्हणून चौकशा करतात. माझं मन मात्र या दिवसांत धास्तावलेलं असतं. आमच्या अहोंचं म्हणणं, मला सुख टोचतं. असेलही तसं.

बाकीचं जग या दिवसांना वसंत म्हणत असेल. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात त्याचं नाव मार्च एंड. शेडच्या भिंतींना चुना लागतो, स्टॉक मोजला जातो, उरलेल्या रजा उडवल्या जातात आणि जो तो एकच वाक्य बोलत फिरतो, मार्चनंतर बघू. पगारवाढ मार्चनंतर, मुलीचं स्थळ मार्चनंतर, संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगची गळकी टाकीसुद्धा मार्चनंतर. इतकी वर्षं ऐकून मला ठाऊक झालंय की हे वाक्य बोलणाऱ्याला मार्चनंतर काय आहे ते अजिबात माहीत नसतं.

यंदा या दिवसांत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समुद्रापलीकडचा एक मोठा देश बाहेरून येणाऱ्या मालावर जकात वाढवणार आहे, म्हणून तिथल्या आमच्या गिऱ्हाइकाला आधीच भरपूर माल हवाय. तिकडच्या राजकारणावर बोलता बोलता साहेब खुशीत म्हणाले की भाड्याने एखादं गोदाम बघून ठेवा. मी मान हलवली, जागेवर येऊन बसले आणि समोरचा चहा तसाच गार झाला. गोदाम हा शब्द कानावर पडला की मला तो उन्हाळा आठवतो, इंग्लंड युरोपच्या संघातून निघणार निघणार म्हणून गाजत होतं तेव्हाचा.

आमची कंपनी तशी लहानच. इंजिनाला लागणाऱ्या रबरी रिंगा आम्ही बनवतो आणि त्या बाहेर पाठवण्याचं काम माझ्याकडे. तेव्हा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इंग्लंडातला एक इंजिन कारखाना होता. आमचा माल जहाजाने युरोपातल्या एका बंदराला लागायचा आणि तिथून ट्रकने इंग्लंडात जायचा. दोन्हीकडची माणसं एकाच संघातली, त्यामुळे वाटेत ट्रक कुणी अडवत नसे. आता तो देश संघ सोडणार म्हटल्यावर मध्ये जकातनाकं बसणार, ट्रकांच्या रांगा लागणार. निघण्याची तारीख नेमकी मार्चअखेरची. पण निघायचं कसं, करार करून की तसंच उठून, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. म्हणून गिऱ्हाइकाने सांगितलं, तारखेच्या आधी जेवढा पाठवता येईल तेवढा माल पाठवा आणि वर आणखी बनवून तुमच्याकडे तयार ठेवा.

त्या दिवसांत आमच्या कॅन्टीनमध्ये जेवायला बसणं म्हणजे त्यांच्या पार्लमेंटात बसणं झालं होतं. वर टीव्हीत त्यांचे खासदार भांडायचे आणि खाली आम्ही मटकीची उसळ खाता खाता त्यांचा निवाडा करायचो. टूलरूमचे इक्बालभाई काळेवाडीचे. त्यांचं भावाबरोबरच्या भागीदारीतलं गॅरेज नुकतंच मोडलं होतं, त्यामुळे या विषयात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांचं म्हणणं, दुकान वेगळं झालं तरी रस्ता तोच राहतो, म्हणून बोलणं तुटू द्यायचं नाही. कुणी म्हणे रीतसर नोटीस द्यावी. कुणी म्हणे राजीनामा तोंडावर फेकून चालू पडावं. कधी न पाहिलेल्या देशाच्या काळजीत माणसं ताक प्यायची विसरायची. मला हसू यायचं, पण फार वेळ नाही. टीव्हीतल्या त्या माणसांना आमची गावंसुद्धा ठाऊक नव्हती, आणि आमच्या ताटात पुढच्या वर्षी काय असेल ते मात्र त्यांच्याच हातात होतं.

कंपनीत माल ठेवायला जागा पुरेना, तेव्हा जवळच्या कुरुळी गावात एक गोदाम भाड्याने घेतलं. लोखंडी मांडण्या उभ्या राहिल्या आणि खोकी चढायला लागली. पहिली मांडणी भरली त्या दिवशी पॅकिंगच्या मुलींनी तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. भरल्या घरापुढे हात जोडायची आपल्याला सवयच. एवढा माल म्हणजे कंपनी वाढली, असं सगळे धरून चालले होते. मागेल त्याला ओव्हरटाइम मिळत होता. मुलींच्या हातात नवे मोबाईल आले, कुणाच्या नवऱ्याने मोटारसायकल काढली. मीही पेढा खाल्ला. पण छतापर्यंत गेलेल्या त्या खोक्यांच्या भिंतींमध्ये उभं राहिलं की मला तिथून लवकर बाहेर पडावंसं वाटायचं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

सगळ्यांत पुढे असायची सविता. लातूरकडची, तिशीच्या आतली, ठेकेदारामार्फत लागलेली. नवऱ्याचं घर सोडून आली होती आणि काळेवाडीत दोघीतिघींबरोबर एका खोलीत राहत होती. पहिलीत जायच्या वयाची तिची लेक रेणू गावाकडे, सविताच्या माहेरी आजीजवळ होती. आमचे एचआरचे शिंदे सर पॅकिंगच्या मुलींना म्हणाले होते, जी सगळ्यात जास्त खोकी भरेल तिचं नाव मार्चनंतर पर्मनंटसाठी वर पाठवतो. सविताने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. पर्मनंट झालं की स्वतःची खोली घ्यायची, रेणूला आणायचं, जूनमध्ये इथल्या शाळेत घालायचं. दिवसातून एकदा तरी हे सगळं ती मला ऐकवायची, आणि रोज ऐकूनही मला त्याचा कंटाळा यायचा नाही.

तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. रिंगा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना पांढरी भुकटी लावतात. संध्याकाळपर्यंत सविताच्या भुवया, पापण्या, कानाशेजारचे केस पांढरे व्हायचे. बसमध्ये चढताना ती खिडकीच्या काचेत स्वतःला बघून म्हणायची, म्हातारपणी अशी दिसणार बघा मी. मग रुमालाने तोंड पुसायची आणि इंद्रायणीचा पूल यायच्या आत झोपून जायची. तिचं डोकं माझ्या खांद्यावर येई, आणि घरी गेल्यावर माझ्या ब्लाउजवर त्या भुकटीचा पट्टा असे.

मार्चच्या सुरुवातीला आमच्याकडे सुरक्षा सप्ताह असतो. दरवर्षी घोषवाक्यं, दरवर्षी हेल्मेटवरची तीच भाषणं. त्या वर्षी नेमके गिऱ्हाइकाचे दोन गोरे पाहुणे येणार होते. शिंदे सरांच्या डोक्यात आलं की पाहुण्यांच्या देशाबद्दल वादविवाद ठेवला तर त्यांना आपुलकी वाटेल. विषय लावला, जायचं ठरलं आहे, पण जावं कसं. एक बाजू करार करून जाणाऱ्यांची, दुसरी ताडकन उठून जाणाऱ्यांची. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावली, माइक आला, पाहुण्यांच्या शेजारी एक इंजिनिअर दुभाष्या म्हणून बसवला.

करार करून जावं या बाजूने बबनराव उठले. कुरुळीचे जुने रहिवासी, आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवायचे. माइक त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "आमी दोघं भाव येगळं झालो. चूल वाटली, भांडी वाटली, बैलं वाटली. हीर ऱ्हायली. हीर कुनाच्या वाट्याला टाकायची? पान्याची पाळी लावली. पन हिरीकडं जायाची वाट त्याच्या रानातनं हाय. बांध घातला तर मी पान्याला मुकतो, न्हाई घातला तर वाटनी झाली आसं त्यो मानत न्हाई. म्हनून म्हन्तो, आधी बांधाचं लिवून घ्या, मंग निघा. आमी न्हाई घेतलं. आता दोघं बी कोर्टात हाय, आन् हीर बुजली."

मुलं हसली, पण दुभाष्याने कानात सांगितल्यावर त्या दोघांतल्या वयस्कर पाहुण्याचं हसू मावळलं. नंतर चहाच्या वेळी तो म्हणाला की त्याची सासुरवाड शेजारच्या बेटावर, त्यांचा देश आणि युरोपचा संघ जिथे भिडतात त्या हद्दीवरच आहे. सासऱ्यांचं घर एका बाजूला, कुरण दुसऱ्या बाजूला, आणि तो बांध कुठे घालायचा हे अजून कुणालाच सुचलेलं नाही. बबनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ शेजारी शेजारी चहा पीत उभे होते.

दुसऱ्या बाजूने सविता उठली. तिने नाव दिलंय हे मलाही ठाऊक नव्हतं. हाताला भुकटी तशीच होती.

"मला भाषण येत नाही, मी नुसतं सांगायलेय," ती म्हणाली. "ज्याला निघायचंय त्यानं निघावं. उंबऱ्यात उभं राहू नये. उंबऱ्यात उभ्या बाईला आतलेबी बोलतेत अन् बाहेरचेबी. मी सासर सोडायचं म्हणले तर बैठका लावल्या. मामा आले, सरपंच आले. नांदायचं कसं, सोडायचं कसं, सगळ्यांनी सांगितलं. त्या बैठकीत मला कुणी पाणीबी विचारलं नाही. एक दिवस लेकरू काखेला मारलं अन् एस्टीत बसले. बैठका संपायची वाट बघितली असती तर आजबी तिथंच भाकरी थापत असते."

पॅकिंगच्या मुलींनी अशा टाळ्या वाजवल्या की पत्रे वाजले. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं, एक कुकर. पाहुण्यांनी हात मिळवला, शिंदे सरांनी फोटो काढला. बसमध्ये तो कुकर मांडीवर घेऊन ती बसली होती, आणि मला राहवलं नाही म्हणून मी विचारलं, स्पर्धेचं सोड, एवढ्या मोठ्या देशाने असं तडकाफडकी निघावं असं तुला खरंच वाटतं का?

"त्यांचं काय ते होऊ द्या ताई, पण एकदाचं होऊ द्या," ती म्हणाली. "लांबलं की वाईट होतंय."

तिच्या त्या वाक्यानंतर बस बराच वेळ भोसरीच्या चौकात अडकून होती. बाहेर बायका होळीसाठी गवऱ्या आणि एरंडाच्या फांद्या विकायला बसल्या होत्या. मुलं डबे बडवत होती. ते सगळं नेहमीचंच होतं, तरी मला ते पुन्हा दिसणार नाही असं काहीतरी उगीच वाटून गेलं.

मग ती तारीख जवळ आली. शेवटच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये उभं राहायला जागा नसायची. त्यांच्या पार्लमेंटात एक प्रस्ताव आला, पडला. दुसरा आला, पडला. करार नको म्हणाले, कराराशिवाय जाणंही नको म्हणाले. शेवटी तारीखच पुढे ढकलली. आधी थोडी, मग थेट आपल्या दिवाळीपर्यंत. कुणीतरी मागून म्हणालं, राव, यांचंपण मार्चनंतर बघूच निघालं की. सगळं कॅन्टीन हसलं. मीही हसले. सविता हसली नाही. ताटात हात तसाच ठेवून ती टीव्हीकडे बघत होती, आणि टीव्हीवर तर जाहिरात चालू झाली होती.

ते गेले असते, तर वाटेत ट्रक अडले असते आणि आमचा साठा कामी आला असता. ते राहिले असते, तर पूर्वीसारखा महिन्याचा माल महिन्याला गेला असता. ते ना गेले ना राहिले. त्यांच्याकडचं गोदाम भरलेलं, आमची दोन्हीकडची जागा भरलेली, आणि एप्रिलमध्ये गिऱ्हाइकाचा निरोप आला की आम्ही सांगेपर्यंत काही पाठवू नका. शेडमधली एकेक मशीन झाकली गेली. त्या निळ्या ताडपत्र्या घातलेल्या मशिनींमधून चालताना आपलाच पायरव ऐकू यायचा. इतकी वर्षं त्या शेडमध्ये काढली, पण तिथे पाऊल वाजतं हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

ठेक्यावरच्या माणसांना मधूनमधून ब्रेक देण्याची आमच्या पट्ट्यात रीतच आहे. थोडे दिवस घरी बसायचं आणि मग नव्याने हजर व्हायचं, म्हणजे नोकरी सलग होत नाही आणि पर्मनंटचा प्रश्न उठत नाही. त्यामुळे मे महिन्यात पॅकिंगच्या सगळ्या मुलींना ब्रेक मिळाला तेव्हा कुणी घाबरलं नाही. सविता तर उलट खूश. म्हणाली, बरं झालं, गावी जाऊन रेणूला घेऊनच येते. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली, कारण या वेळी ब्रेक सगळ्यांना एकदम मिळाला होता. मी शिंदे सरांना गाठलं. त्यांनी सविताचं नाव वर पाठवलं होतं, ते काही खोटं नव्हतं. पण वर त्याचं काही झालं नव्हतं.

"मॅडम, वर्ष निघेल एवढा माल पडून आहे," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्यांना बोलवून भरायला काय देऊ?"

मी त्याच संध्याकाळी सविताला फोन लावला. ती परतीच्या एस्टीत होती. रेणूला मांडीवर घेतलं होतं, मागे तिचा किलबिलाट ऐकू येत होता. काळेवाडीत खोली ठरली होती, शाळेत नाव घातलं होतं. मी जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, ताई, आता मागं कुठं फिरू.

तो देश पुढे यथावकाश निघाला. निघाला त्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये कुणी टीव्हीकडे मान वर करूनही पाहिलं नाही. कुरुळीचं ते गोदाम आता मंगल कार्यालय झालंय. मधे एका लग्नाला जायची वेळ आली, तर पंगत नेमकी मांडण्यांच्या जागी होती, आणि मी जिलबी ताटातच ठेवून उठले. सविताचा नंबर माझ्याकडे अजून आहे, पण लावला की कुणी पुरुष हिंदीत राँग नंबर सांगतो. दुसऱ्या कंपनीत लागली, तिथूनही सुटली, मग शहरच सोडलं, एवढं कानावर आलं. खरंखोटं मला माहीत नाही.

आणि आता पुन्हा खोकी चढायला लागली आहेत. यंदाच्या मुली नव्या आहेत, त्यांना यातलं काही माहीत असायचं कारण नाही. परवा त्यांनी मला घेरलं, मार्चनंतर पर्मनंट करतात हे खरं का म्हणून. साठा भरल्यावर मुलींचं काय, असं मी साहेबांना मधे विचारलं होतं आणि ते मार्चनंतर बघू म्हणाले होते, तेच मी त्यांना सांगितलं. गोदाम भरल्यावर काय होतं तेही सांगितलं. त्यांनी शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि ओव्हरटाइमला नावं द्यायला गेल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते.

त्या साली जूनमधल्या एका दुपारी वॉचमनने मला गेटवर बोलावलं होतं. आभाळ दाटून आलेलं, वारा पडलेला, आणि गेटबाहेर सविता उभी. गेटपास आणि कंपनीचे बूट परत करायला आली होती. बरोबर रेणू. शाळेचा नवा गणवेश, दोन वर्षं पुरावा म्हणून ढगळ घेतलेला, केसांना घट्ट लाल रिबिनी. सविताचा चेहरा स्वच्छ होता. भुकटीशिवाय ती मला एकदम लहान वाटली.

गेटमधून आमचं स्टोअर सरळ दिसतं. शटर उघडं होतं आणि आत छतापर्यंत खोकी रचलेली. रेणूने गजांतून आत डोकावून विचारलं, आई, तू कुठं काम करत होतीस? सविताने बोट दाखवलं.

"ती खोकी दिसतेत का? ती मी भरली."

"सगळी?"

"सगळ्यात जास्त मीच."

रेणूने मान वर करून वरच्या खोक्यापर्यंत नजर नेली. एवढं मोठं काम आपल्या आईने केलं याचा अभिमान तिच्या तोंडावर दिसत होता. "मग आता भरायला काहीच राहिलं नाही?" तिने विचारलं.

सविताने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातातले बूट घेतले.

"नाही राहिलं," ती म्हणाली.

"म्हणजे आता तू रोज घरी?" रेणू म्हणाली, आणि आनंदाने तिने आईच्या कमरेला मिठी मारली.